लाइट आली, राउटर सुरू झाला. तरी लॅपटॉप वायफाय आपोआप का पकडत नाही?

भर दुपारी लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो. वीस मिनिटांनी लाइट येते, राउटरचे दिवे लागतात, खिशातल्या मोबाइलवर वायफाय लगेच सुरूही होते. लॅपटॉप मात्र ढिम्म. वायफायच्या यादीत नाव दिसते, पण जोडणी होत नाही. मग कुणीतरी लॅपटॉप बंद-चालू करतो, कुणी पासवर्ड पुन्हा टाकतो, कुणी थेट 'विंडोज मारून घ्या' असा सल्ला देतो.

बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांत, दुकानांत आणि सेवा केंद्रांत हा प्रकार ओळखीचा आहे. शहरात एखादे नेट बंद पडले तर दुसरे असते. केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतल्या गावात मात्र अनेकदा एकच फायबर जोडणी, एकच राउटर आणि एकच लॅपटॉप यांच्यावर साऱ्या गावाची ऑनलाइन कामे चालतात. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविम्याचा अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, सीईटीनंतरचा प्रवेशाचा पसंतीक्रम. यातल्या बहुतेक कामांना शेवटची तारीख असते. ऊसतोडीच्या हंगामात घरातली कर्ती माणसे कारखान्याच्या फडावर असतात आणि कागदपत्रांसाठी आजी-आजोबा किंवा शाळकरी मुले केंद्रावर येतात. त्यांना 'नेट नाही, उद्या या' सांगणे म्हणजे आणखी एक एसटीचे भाडे आणि आणखी एक बुडालेला दिवस.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की या तक्रारीमागे दर वेळी लॅपटॉप बिघडलेला नसतो. अनेकदा एखादी खूण निघालेली असते, एखादी जुनी नोंद अडत असते किंवा बॅटरी वाचवण्याच्या नादात वायफायचे कार्डच झोपलेले असते. हे घरच्या घरी तपासता येते. मात्र त्यासाठी गाडी नेमकी कुठे अडली आहे, ते आधी ओळखावे लागते.

'आपोआप' म्हणजे नेमके काय होते?

आपल्याला एकच गोष्ट दिसते: वायफाय जोडले गेले. प्रत्यक्षात लॅपटॉप चार पायऱ्या चढतो.

पहिली पायरी नावाची. लॅपटॉप आसपासच्या नेटवर्कची नावे शोधतो आणि आपल्याकडे साठवलेल्या नावांशी ताडून पाहतो. ओळखीचे नाव सापडले आणि त्यापुढे 'आपोआप जोड' अशी खूण असली, तरच तो पुढे जातो.

दुसरी पायरी किल्लीची. साठवलेला पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार राउटरशी जुळतो का, हे तपासले जाते. पासवर्ड हवेतून तसाच पाठवला जात नाही. दोन्ही बाजू त्यावरून गणित करतात आणि उत्तर जुळले तरच दार उघडते.

तिसरी पायरी पत्त्याची. राउटर लॅपटॉपला एक आयपी पत्ता देतो. घरातल्या नेटवर्कमध्ये तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो.

चौथी पायरी बाहेरच्या जगाची. विंडोज इंटरनेटवरच्या एका ठरावीक ठिकाणी छोटी विचारणा पाठवते. तिथून अपेक्षित उत्तर आले की 'कनेक्टेड' दिसते. उत्तर आले नाही, तर 'नो इंटरनेट'.

प्रत्येक पायरीवरच्या बिघाडाची खूण वेगळी असते. नाव दिसते पण लॅपटॉप प्रयत्नच करत नाही, तर पहिली पायरी. प्रयत्न करतो आणि 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' म्हणतो, तर बहुधा दुसरी. जोडला जातो पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर तिसरी. राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. आणि सगळे ठीक असूनही 'नो इंटरनेट', तर अडचण लॅपटॉपच्या पुढे, म्हणजे राउटरच्या पलीकडच्या लाइनमध्ये किंवा कंपनीच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त.

आधी दोन मिनिटांची परीक्षा

सेटिंग बदलण्याआधी दोष कुणाचा हे ठरवा. मोबाइलचा डेटा बंद करा आणि त्याच वायफायवर एखादी वेबसाइट उघडा. डेटा चालू ठेवून ही परीक्षा करू नका. वायफायवर नेट नसले तर बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि आपल्याला वाटते वायफाय चालू आहे.

मोबाइलवरही नेट नसेल तर राउटर तपासा. फायबरच्या डब्यावर 'पॉन' किंवा 'लॉस' असे दिवे असतात. 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही. तिथे लॅपटॉपशी खटपट करून उपयोग नाही, नेटवाल्याला फोन करा. दिवे ठीक असतील तर राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा आणि दोन-तीन मिनिटे वाट पाहा. लाइट आल्या-आल्या लगेच जोडायचा प्रयत्न केला तर राउटर अजून जागा होत असतो.

मोबाइलवर नेट चालते आणि फक्त लॅपटॉप अडतो, तर पुढची कारणे एकेक करून पाहा. क्रम सोप्याकडून अवघडाकडे दिला आहे.

१. आपोआप जोडण्याची खूणच नाही

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स' असे जा. आपल्या वायफायच्या नावावर क्लिक करा. तिथे 'कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज' अशी ओळ दिसेल. तिच्यापुढे खूण आहे का, ते पाहा. विंडोज १० मध्येही वाट जवळपास हीच आहे. पहिल्यांदा वायफाय जोडताना 'कनेक्ट' बटणाच्या वर हीच खूण विचारलेली असते. घाईत ती राहून जाते.

आणखी एक बारकावा आहे. चालू वायफाय तुम्ही स्वतः 'डिस्कनेक्ट' दाबून तोडले, तर विंडोज समजते की तुम्हाला ते नको आहे. मग नेटवर्क समोर असूनही ती स्वतःहून जोडत नाही. एकदा हाताने 'कनेक्ट' केले की पुन्हा आपोआप जोडणे सुरू होते. म्हणून नेट थोडा वेळ थांबवायचे असेल तर 'डिस्कनेक्ट' दाबण्याऐवजी वायफायचे बटण बंद-चालू करणे बरे.

कीबोर्डवर विमानाचे चित्र असलेली कळही एकदा पाहून घ्या. चुकून दाबली गेली तर 'एअरप्लेन मोड' सुरू होतो आणि वायफाय बंद पडते. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचे वेगळे सरकते बटणही असते.

२. लॅपटॉप दुसऱ्याच वायफायवर बसला आहे

हे कारण पटकन लक्षात येत नाही. लाइट गेल्यावर काम अडू नये म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला जातो. लॅपटॉप त्याला जोडला जातो. लाइट आल्यावर राउटर परत येतो, पण हातात चालू जोडणी असताना विंडोज ती सोडून सहसा दुसरीकडे उडी मारत नाही. दिवसभर काम हॉटस्पॉटवर चालते, रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो आणि वायफायचा प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो, कारण प्रिंटर राउटरवर आणि लॅपटॉप मोबाइलवर.

यावर उपाय असा: हॉटस्पॉटच्या नावापुढची आपोआप जोडण्याची खूण काढून टाका आणि ती फक्त राउटरच्या नावापुढे ठेवा. हॉटस्पॉटसाठी 'मीटर्ड कनेक्शन' हा पर्याय चालू करा. त्यामुळे विंडोजची मोठी अपडेट्स मोबाइल डेटावर सहसा उतरत नाहीत. यादीत जुन्या ऑफिसची, नातेवाइकांची, लॉजची नावे साठली असतील तर तीही 'फरगेट' करून काढा.

३. केबल लावलेली आहे

लॅपटॉपला लॅनची केबल लावलेली असताना विंडोज वायफाय आपोआप जोडत नाही. हा बिघाड नाही. एकाच वेळी दोन वाटा कमीत कमी उघडाव्यात, आणि दोन्ही असल्या तर केबलला पहिला मान द्यावा, असा तिचा मूळ नियम आहे.

गंमत अशी, की मोबाइलला यूएसबी केबल लावून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले तरी विंडोज त्याला बहुधा लॅनच समजते. फोन चार्जिंगला म्हणून लावलेला, टेदरिंग चालूच राहिलेले आणि लॅपटॉप वायफायकडे पाहतही नाही, असे होऊ शकते. केबल काढा आणि मिनिटभर थांबून पाहा.

४. झोपेतून उठल्यावर कार्ड उठत नाही

लॅपटॉपचे झाकण मिटले, परत उघडले आणि वायफाय गेले, असे वारंवार होत असेल तर संशय बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगवर घ्या. 'स्टार्ट' बटणावर उजवे क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये वायफायच्या कार्डाचे नाव शोधा. त्यात बहुधा 'वायरलेस' किंवा 'वायफाय' असा शब्द असतो. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट'चा रकाना उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा रकाना दिसतच नाही. तसे असेल तर पुढच्या कारणाकडे वळा.

५. 'शट डाउन' आणि 'रिस्टार्ट' एकच नाही

लॅपटॉप रोज बंद करूनही वायफायचा गोंधळ तसाच राहतो, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपला गाभा पूर्ण बंद न करता त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तिथूनच उठते. म्हणजे कालचा अडकलेला वायफाय ड्रायव्हर आजही तसाच अडकलेला असू शकतो.

'रिस्टार्ट' केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून अडचण आली की बंद करून चालू करण्याऐवजी 'रिस्टार्ट' दाबा. त्याने दर वेळी सुटका होत असेल तर 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये पॉवर बटणाच्या सेटिंगखाली 'फास्ट स्टार्टअप' कायमचे बंद करा. लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकेच.

६. जुनी नोंद, नवा पासवर्ड

नेटवाल्याने राउटर बदलून दिला, पण वायफायचे नाव तेच ठेवले. नावावरून लॅपटॉप ओळखतो, जुन्या पासवर्डने दार वाजवतो आणि परत फिरतो. पासवर्डही तोच असेल, पण नव्या राउटरवर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ ऐवजी डब्ल्यूपीए-३ असेल, तरी जुनी नोंद जुळत नाही.

अशा वेळी 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन त्या नावापुढे 'फरगेट' करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. खूण करायला विसरू नका. जुना लॅपटॉप डब्ल्यूपीए-३ समजत नसेल, तर राउटरमध्ये दोन्ही प्रकार चालणारा मिश्र पर्याय निवडता येतो. मात्र जोडणी होत नाही म्हणून पासवर्डच काढून वायफाय उघडे ठेवू नका. तुमच्या जोडणीवरून कुणी गैरप्रकार केला तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल.

७. लाइट आली आणि चॅनल बदलला

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण पल्ला कमी. जाड दगडी भिंत किंवा पत्र्याचे शेड आडवे आले की तो लवकर थकतो. जुन्या, स्वस्त लॅपटॉपच्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. नेटवाल्याने राउटरवर फक्त ५ ची पट्टी चालू ठेवली असेल, तर मोबाइल जोडला जाईल आणि लॅपटॉपला नावही दिसणार नाही.

दुसरी गोष्ट चॅनलची. राउटरमध्ये चॅनल 'ऑटो' असेल तर प्रत्येक वेळी सुरू होताना तो नवा चॅनल निवडू शकतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टीत १ ते १३ चॅनल वापरता येतात. अमेरिकेत मात्र सर्रास ११ पर्यंतच वापरले जातात. तिथल्या बाजारासाठी बनवलेला किंवा परदेशातून आणलेला सेकंडहँड लॅपटॉप १२ आणि १३ कडे कानाडोळा करू शकतो. म्हणजे सकाळी चॅनल ६ वर सुरळीत चाललेले वायफाय, लाइट गेल्या-आल्यानंतर चॅनल १३ वर गेले की त्या लॅपटॉपपुरते गायब. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनल कायम केला तर हा लपंडाव थांबतो. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर तर काही राउटर सुरू होण्याआधी जवळपास रडार नाही ना, हे मिनिटभर ऐकून घेतात. तेवढा वेळ ते नाव दिसत नाही.

राउटरचे नाव लपवलेले असेल, तर लॅपटॉपच्या नोंदीत 'नाव प्रसारित होत नसले तरी जोड' अशा अर्थाची खूण लागते. नाव लपवल्याने सुरक्षा फारशी वाढत नाही. त्यापेक्षा ते दिसू द्या आणि पासवर्ड लांब ठेवा.

८. हॉटस्पॉटच झोपी गेला

ज्यांचे सगळे काम मोबाइल हॉटस्पॉटवर चालते, त्यांच्याकडे दोष बरेचदा फोनच्या बाजूला असतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये काही मिनिटे कुणी जोडलेले नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. लॅपटॉप झोपला, जोडणी सुटली, फोनने हॉटस्पॉट बंद केला. लॅपटॉप उठला तेव्हा समोर नेटवर्कच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. बॅटरी जास्त जाईल, म्हणून फोन चार्जरवर ठेवा.

आयफोनमध्ये 'पर्सनल हॉटस्पॉट'चे पान उघडे ठेवल्याशिवाय काही वेळा लॅपटॉपला नाव दिसत नाही. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू केले तर हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतो आणि जुन्या लॅपटॉपलाही दिसतो.

९. कॉलेज, कार्यालय आणि मोफत वायफाय

काही कॉलेजांत आणि कार्यालयांत लॅपटॉपचा हार्डवेअर पत्ता नोंदवल्याशिवाय जोडणी मिळत नाही. विंडोजमध्ये 'रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस' चालू असेल तर लॅपटॉप खरा पत्ता दाखवत नाही आणि दारावरच अडवला जातो. फक्त त्या नेटवर्कपुरता हा पर्याय बंद करा. बाहेरच्या अनोळखी वायफायवर तो चालू असलेलाच चांगला.

सार्वजनिक वायफायवर जोडणी झाली तरी आधी एक पान उघडून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकावा लागतो. रेल्वे स्थानकांवरचे रेलटेलचे वायफाय असेच चालते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेत किराणा दुकान किंवा चहाची टपरीही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकते. तिथेही अॅपमधून ओळख पटवावी लागते. ते पान आले नाही म्हणून 'नो इंटरनेट' दिसते. ब्राउझर उघडून कुठलीही साधी वेबसाइट टाकली की बहुधा पान समोर येते.

इथे उलट सल्ला लागू होतो. पासवर्ड नसलेल्या सार्वजनिक वायफायला आपोआप जोडण्याची खूण ठेवूच नका. लॅपटॉप मुख्यतः नावावरून ओळख धरतो. तेच नाव ठेवून कुणी दुसरे वायफाय उभे केले तर लॅपटॉप तुम्हाला न विचारता तिकडे जाऊ शकतो. बँकेचे व्यवहार किंवा इतरांच्या कागदपत्रांचे काम अशा जोडणीवर करू नये.

१०. ड्रायव्हर आणि शेवटचा उपाय

विंडोजच्या अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये वायफाय कार्डाच्या 'ड्रायव्हर' रकान्यात 'रोल बॅक ड्रायव्हर' पाहा. ते बटण फिके असेल तर लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर मॉडेल क्रमांक टाकून नवा ड्रायव्हर घ्या. 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले' अशा जाहिराती दाखवणारी सॉफ्टवेअर टाळा.

'सर्व्हिसेस' शोधून त्यात 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' नावाची सेवा चालू आहे का, तेही पाहा. वायफाय शोधण्याचे आणि आपोआप जोडण्याचे काम हीच सेवा करते. तिच्यापुढे 'ऑटोमॅटिक' असायला हवे. लॅपटॉप 'वेगवान' करून देणारी काही सॉफ्टवेअर अशा सेवा बंद करून ठेवतात.

इतके करूनही जमले नाही तर 'अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क रिसेट' आहे. त्याने सगळे नेटवर्क अडॅप्टर काढून नव्याने बसवले जातात आणि साठवलेली वायफाय पुसली जातात. आधी सगळे पासवर्ड वहीत लिहून ठेवा. व्हीपीएन वापरत असाल तर ते पुन्हा बसवावे लागू शकते. फाइल्स आणि फोटो यांना धक्का लागत नाही.

जोडले गेले, पण साइट उघडत नाही?

जुन्या लॅपटॉपमध्ये कधी वायफाय ठीक असते आणि सरकारी पोर्टल मात्र 'सुरक्षित नाही' असे सांगून अडते. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की लॅपटॉप पूर्ण बंद झाल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉपच्या मते ती अजून सुरूच झालेली नसते. तारीख दुरुस्त केली की साइट उघडते. ही बॅटरी स्वस्तात बदलून मिळते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. त्याने वायफाय बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते. इतरांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळणाऱ्या केंद्रांनी हा मुद्दा पुढे ढकलू नये.

दुकानात नेण्याआधी

'विंडोज नवीन टाकावे लागेल' हा सल्ला लगेच मान्य करू नका. आधी लॅपटॉप दुसऱ्या वायफायला जोडून पाहा. दुसरीकडे आपोआप जोडला जात असेल तर दोष तुमच्या राउटरच्या किंवा त्याच्या नोंदीच्या बाजूला आहे. विंडोज बदलून काही साधणार नाही. कुठेच नावे दिसत नसतील आणि 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये वायफायचे कार्डच सापडत नसेल, तर कार्ड सुटले किंवा निकामी झाले असू शकते. तेव्हाही काही शे रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल लावून काम चालवता येते.

दुरुस्ती करणाऱ्याकडे 'डब्ल्यूलॅन रिपोर्ट' काढायला सांगा. विंडोज मागच्या तीन दिवसांचा वायफायचा हिशोब एका पानावर दाखवते: किती वाजता जोडणी झाली, किती वाजता तुटली आणि का. जाणकाराला त्यावरून बरेच कळते. इंटरनेट कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी स्वतःहून फोन केला आणि स्क्रीन शेअर करण्याचे अॅप टाकायला सांगितले, तर फोन ठेवा.

खरा उपाय राउटरच्या प्लगपाशी

लाइटच्या लपंडावानेच ही तक्रार येत असेल, तर सेटिंगपेक्षा राउटरला छोटा यूपीएस लावणे जास्त कामाचे. राउटरसाठीचे असे यूपीएस साधारण हजार-दोन हजार रुपयांत मिळतात. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, सगळे नाही. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद अशी गत होते. नेटवाल्याच्या बाजूची वीज गेली तर मात्र आपला यूपीएस काही करू शकत नाही.

शेवटी राउटरजवळ एक कागद चिकटवा. त्यावर पाच गोष्टी लिहा: वायफायचे नेमके नाव, सुरक्षेचा प्रकार, कायम केलेला चॅनल, नेटवाल्याचा क्रमांक आणि ग्राहक क्रमांक. पासवर्ड त्या कागदावर नको, तो वहीत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी केंद्रात दुसरे कुणी बसले असले, तरी त्या कागदावरून त्याला अडचण कुठे आहे हे शोधता येईल.